चामड्याची शिवण: हाताने की मशीनवर?

पाकीट, पट्टा, चाव्यांचं कव्हर अशा हौशी कामासाठी आमचं मत स्पष्ट आहे: आधी हातशिलाईचा संच घ्या. दातांत ४ मिमी अंतर असलेला, भोकं पाडायचा छिन्ना, बोथट टोकाच्या दोन सुया आणि ०.८ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, एवढ्यावर काम सुरू होतं.

शिवणीच्या चौपट दोरा कापा. ३० सेंमीला १.२ मीटर. दोन्ही टोकांना सुया ओवा. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. दुसरी सुई घालताना पहिला दोरा बाजूला ओढून धरा, नाहीतर सुई त्याच्या पोटातून जाते आणि टाका आवळतच नाही. शेवटी दोन-तीन टाके मागे घ्या, दोरा कापून टोक वितळवा.

घरगुती मशीन मऊ, पातळ चामड्याच्या पिशवीला चालतं. चामड्याची खास सुई, टेफ्लॉनचा पाय (सुईजवळ चामडं दाबून धरणारा, न चिकटणारा भाग), टाका ३.५ ते ४ मिमी. टाका त्याहून बारीक ठेवलात तर भोकांच्या रांगेवरच चामडं फाटतं. मेणाचा दोरा मशीनला नको, टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या चिकट होतात. जाड पट्ट्यावर मात्र मोटार कण्हते आणि टाके सुटतात.

कोकणात आणखी एक गोष्ट आहे. खाऱ्या हवेत मशीनचं बॉबिन केस, सुईदांडा लवकर गंजतात. पावसाळ्यात तेलाचा हात नियमित हवाच. हातसुया तेलाच्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवल्या की झालं. सुती दोरा मात्र इथे टाळा, दमटपणात कुजतो.