गूगल डॉक्सचं वर्ड काउंट: शब्दाच्या रेटवर काम करणाऱ्या बाईचा अनुभव

आधीच सांगते, हा अख्ख्या गूगल डॉक्सचा रिव्ह्यू नाहीये. ते फुकट आहे, शेअर करता येतं, आपोआप सेव्ह होतं हे आता सगळ्यांना माहितीये. मी फक्त त्यातल्या वर्ड काउंटबद्दल लिहितेय, कारण माझं सगळं बिल त्या आकड्यावर बनतं. इंग्रजीतून मराठी भाषांतर आणि मराठी कंटेंट, दोन्ही शब्दाच्या रेटने. इथे नाशिकला अंबडच्या कारखान्यांची सेफ्टी मॅन्युअल्स, पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या वेबसाइट्स, सोसायट्यांच्या स्मरणिका आणि आता सिंहस्थामुळे हॉटेल-लॉजवाल्यांची माहितीपत्रकं, जे येईल ते. आधी सगळं मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये करायचे, गेल्या दिवाळी अंकांच्या गडबडीपासून डॉक्सवर आले आणि मग तिथेच राहिले.

बेसिक गोष्ट पटकन उरकते. वर टूल्स मेनूत वर्ड काउंट आहे, किंवा कंट्रोल शिफ्ट सी, मॅकवाल्यांना कंट्रोलऐवजी कमांड. छोटी खिडकी उघडते, त्यात पानं, शब्द, कॅरेक्टर्स आणि स्पेस सोडून कॅरेक्टर्स असे चार आकडे. खाली एक टिक आहे, ती केली की लिहिताना डाव्या कोपऱ्यात शब्दांचा आकडा सतत दिसत राहतो. ही सोय २०१९ मध्ये आली. माझ्याकडे मात्र नवीन डॉक्युमेंट उघडलं की ही टिक परत करावी लागते, एकदा केली आणि कायमची लागली असं होत नाही, आणि दिवसातून पाच-सहा फाइली उघडणाऱ्याला हे जाम वैताग देतं.

सगळ्यात जास्त वापर होतो तो सिलेक्शनचा. जेवढा भाग सिलेक्ट करून काउंट बघाल तेवढ्याचा आकडा आणि सोबत एकूण, दोन्ही दिसतात. स्मरणिकेच्या कामात हे फार उपयोगी पडलं. प्रत्येकाला मनोगतासाठी ३०० शब्द दिलेले, सेक्रेटरी काकूंनी २८० मध्ये मस्त लिहून पाठवलं आणि चेअरमन काकांचं आलं नऊशेच्या वर, त्यात पाण्याच्या टाकीचा इतिहासच चारशे शब्दांचा. सगळी मनोगतं एकाच फाइलीत होती, पण एकेक सिलेक्ट करून बघता येत असल्यामुळे कुणाचं किती कापायचं हे लगेच कळत होतं. काकांना फोनवर "जरा लांबलंय" म्हणण्यापेक्षा स्क्रीनशॉट पाठवला, काम झालं.

तो कोपऱ्यातला आकडा मी पहिल्या खर्ड्याला बंद ठेवते, हे माझं मत आहे, पटलं तर बघा. तो समोर असला की लक्ष वाक्यावर राहत नाही. ७०० शब्दांचा लेख असेल आणि ६४० ला विषय संपला असेल तर आपोआप "त्याचप्रमाणे", "खऱ्या अर्थाने", "या पार्श्वभूमीवर" असली भर पडायला लागते. कापताना मात्र तोच आकडा चालू हवाच, एकेक शब्द उडवला की खाली उतरताना दिसतो.

आता मराठीवाल्यांसाठी खरी गोष्ट. शब्द मोजायला डॉक्स मला चांगलं वाटलं, कारण ते मुख्यतः स्पेस बघतं आणि देवनागरीत गोंधळत नाही. असं का म्हणतेय, तर नेटवर "इथे पेस्ट करा, शब्द मोजा" टाइपच्या ज्या फुकट साइट्स आहेत त्यातल्या काही फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतात, मराठी परिच्छेद टाकला की शून्य दाखवतात. काही त्याहून थोर, त्या काना-मात्रा-वेलांटीपाशी शब्द तोडतात आणि दोनशे शब्दांचे पाचशे करतात. डॉक्समध्ये हा प्रकार मला दिसला नाही.

पण स्पेसवर मोजतं म्हटल्यावर स्पेस बरोबर पाहिजेत ना! "सीबीएससमोरच्या दुकानातून" (सीबीएस म्हणजे आमचं मध्यवर्ती बसस्टँड) हे दोन शब्द. हेच कुणी "सीबीएस समोरच्या दुकाना तून" असं टाइप केलं तर चार. शब्दावर पैसे मिळतात म्हणून मुद्दाम असं लिहिणारे लोक आहेत, मी एडिटिंगला आलेल्या फाइलींमध्ये बघितलंय, आणि काही बिचारे मोबाइलच्या कीबोर्डवर सजेशन दाबत लिहितात म्हणून आपोआप तुटतं. त्यापेक्षा भयंकर म्हणजे पीडीएफमधून कॉपी केलेला मराठी मजकूर. "नाशिक" चं "नाशि क" होतं, मधेच वेलांटी सुटून येते, जोडाक्षर फुटतं, आणि काउंट फुगतो. क्लायंटने पीडीएफ पाठवून "साधारण किती शब्द होतील, रेट सांगा" म्हटलं तर सरळ पेस्ट करून आलेला आकडा कधीच सांगत नाही. एक पान हाताने नीट करते, ते मोजते आणि पानांनी गुणते. ढोबळ येतं, पण फुगलेलं येत नाही.

जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर विषयच वेगळा. आपल्याकडे डीटीपीवाले अजून श्रीलिपी, कृतिदेव वापरतात, आणि ते काही युनिकोड, म्हणजे सगळ्या कंप्युटर-मोबाइलवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, नाही. डॉक्समध्ये पेस्ट केलं की वाकडीतिकडी इंग्रजी चिन्हं दिसतात आणि त्यावर आलेला कुठलाच आकडा धरण्यात अर्थ नाही. आधी कन्व्हर्ट करा, मग मोजा.

कॅरेक्टर्सच्या आकड्याने सुरुवातीला बरेच जण चक्रावतात. युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं धरलं जातं. त्र्यंबकेश्वर वाचताना आपल्याला पाच अक्षरं दिसतात, मशीनच्या हिशोबाने तेरा कॅरेक्टर्स होतात. चूक नाही, मोजायची पद्धत ती आहे. पण शाळेत शिकलेलं "अक्षर" डोक्यात ठेवून कुणी "५० अक्षरांत लिहा" म्हटलं तर आधी विचारून घ्या की अक्षर म्हणजे काय धरताय.

याचा सगळ्यात जास्त फटका एसएमएसला बसतो. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० कॅरेक्टर्स बसतात, मराठीत फक्त ७०, आणि मेसेज लांबून तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात ६७. "उद्या सकाळी १० वाजता सोसायटीची सभा आहे." एवढं साधं वाक्य, शब्द सात, पण कॅरेक्टर्स ३९. म्हणजे अर्ध्याहून जास्त मेसेज संपला आणि सभा कुठे, कशासाठी हे अजून यायचंच आहे. बल्क एसएमएसचं बिल तुकड्यांवर लागतं, त्यामुळे एका नर्सरीवाल्या दादांसाठी रोपांच्या बुकिंगचे मेसेज लिहिताना मी एकेक ओळ सिलेक्ट करून कॅरेक्टर्स बघत बसायचे. इथे स्पेससकटचा आकडा बघायचा, स्पेस सोडूनचा नाही, कारण एसएमएसमध्ये स्पेसलाही जागा लागते. दादांना "आपणांस कळविण्यात येते की" हवंच होतं. तेवढ्यातच २४ गेले असं मोबाइलवर दाखवलं तेव्हा कुठे सोडलं.

आता डॉक्स काय मोजत नाही ते. हेडर, फूटर आणि तळटीपा त्याच्या आकड्यात येत नाहीत. कॉमेंट्सही नाहीत, ते योग्यच आहे. तळटीपांचं मात्र खटकतं. शेजारची एक मुलगी एम.ए.चा लघुशोधप्रबंध डॉक्सवर लिहीत होती, तळटीपा भरपूर, आणि गाइडनी तीच फाइल वर्डमध्ये उघडली तर शब्द बरेच जास्त. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण डेस्कटॉपवरच्या वर्डमध्ये टेक्स्टबॉक्स, तळटीपा धरायच्या की नाही याची वेगळी टिक असते, डॉक्समध्ये तसा पर्यायच नाही. शिवाय दोन शब्दांच्या मधे स्पेस देऊन एकटी डॅश टाकली असेल तर वर्ड तिलाही शब्द धरतं. आणि ब्राउजरमधलं फुकट वर्ड वापरत असाल तर तेही हेडर-फूटर, टेक्स्टबॉक्स सोडूनच अंदाजे आकडा देतं. त्यामुळे शब्दमर्यादेचं काम असेल तर कुठल्या सॉफ्टवेअरचा आकडा आणि तळटीपा धरून की सोडून, एवढं एका ओळीत मेलवर लिहून घ्यायचं.

हे बिलालाही लागू आहे, तिथे तर जास्तच. बाहेरगावच्या एका भाषांतर एजन्सीचं मॅन्युअलचं काम केलं, डॉक्समधला इंग्रजी फाइलीचा काउंट लावून बिल पाठवलं, तर त्यांचा आकडा निम्म्याच्या आसपास. कारण काय, तर ते कॅट टूलमध्ये, म्हणजे भाषांतरकारांच्या खास सॉफ्टवेअरमध्ये, मोजतात आणि त्यात रिपिटिशन वेगळी काढतात, एकच वाक्य पुन्हा आलं की त्याचा रेट कमी. सेफ्टी मॅन्युअलमध्ये "सर्व्हिसिंग करण्यापूर्वी मशीन बंद करा" हेच दर पानावर असतं! धंद्याची रीत आहे, मला माहितीये, पण पीओमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरमध्ये, एक शब्द लिहिलेला नव्हता आणि काम हातात पडल्यावर सांगितलं. भांडून थोडे मिळाले, सगळे नाही. डॉक्सला या रिपिटिशनचं काही कळत नाही, ते आपलं सरसकट मोजतं.

आणि भाषांतराचा रेट मूळ इंग्रजीच्या शब्दांवर ठरवा, नवीन लोकांना हे कळकळीने सांगतेय. मराठीत विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं मागच्या शब्दाला चिकटतात, इंग्रजीतलं ते ए आणि द आपल्याकडे नाहीच, त्यामुळे तोच मजकूर मराठीत आला की शब्द कमी होतात. काम तेवढंच, पैसे कमी.

मोबाइलवर उजवीकडच्या तीन टिंबांत वर्ड काउंट मिळतं, ठीक चालतं, पण मी तिथे नुसती खात्री करायला बघते. इंदिरानगरला लाईट गेली की वायफाय जातं, तेव्हा ऑफलाइन मोड आधी चालू केलेला असेल तर लॅपटॉपवर लिहिणं आणि मोजणं दोन्ही चालू राहतं. मोठं पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी, एका डॉक्युमेंटची मर्यादा १०.२ लाख कॅरेक्टर्सची आहे, आणि वर सांगितलं तसं मराठीत कॅरेक्टर्स भराभर खर्च होतात, तरी सामान्य माणूस तिथवर पोचत नाही.

मला विचाराल तर पाचपैकी चार स्टार. एक कापला तो तळटीपांसाठी आणि त्या दर फाइलीत परत परत कराव्या लागणाऱ्या टिकसाठी. एडिटरच्या सजेशन्स फाइलीत लटकत असतील तर त्या आधी ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करून टाका, मगच शेवटचा आकडा बघा, आणि बिलासोबत त्या काउंटच्या खिडकीचा स्क्रीनशॉट जोडा. मी आता प्रत्येक बिलाला जोडते, अकाउंट्सवाल्यांचे फोन जवळजवळ बंद झालेत.