तासिका तत्त्वावर शिकवताना वर्षभर वापरलेली ऑनलाइन साधनं: काय उपयोगी पडलं, काय नाही

मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. सकाळी एका कॉलेजात बी.ए.चे तास, दुपारी दुसरीकडे एम.ए.चे. आम्हा सीएचबीवाल्यांची (क्लॉक अवर बेसिस, म्हणजेच तासिका तत्त्व: जेवढे तास शिकवाल तेवढं मानधन) नेमणूक बहुतेक वेळा सत्र सुरू झाल्यावर होते आणि परीक्षा आल्या की संपते. म्हणून कुठलंही साधन हाती घेताना मी एक गोष्ट आधी बघते: नेमणुकीची ऑर्डर संपल्यावर हे माझ्याकडे राहील का?

गुगल क्लासरूमपासून सुरुवात करते. साधन चांगलंच आहे, पण ते कॉलेजच्या आयडीवर उघडू नका. पूर्वीच्या एका कॉलेजने नेमणूक संपताच माझा आयडी बंद केला. प्रश्नसंच, टिपणं, मुलांनी लिहिलेले निबंध, सगळं त्यासोबत गेलं. न विचारता, न कळवता असं करणं अन्यायाचं आहे, आणि हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. आता वर्ग माझ्या स्वतःच्या जीमेलवर असतो. तिथे जागा १५ जीबीच मिळते आणि त्यात मेल व फोटोही धरले जातात, त्यामुळे व्हिडिओ चढवत नाही, फक्त लिंक देते.

अंतर्गत गुणांसाठी गुगल फॉर्म्सची चाचणी घेते आणि त्यावर मी पूर्ण समाधानी आहे. मात्र प्रश्न बहुपर्यायीच ठेवा. एका शब्दात उत्तर लिहायला सांगितलं, की कुणी 'चलनवाढ' लिहितो, कुणी 'चलन वाढ', कुणी रोमन लिपीत टाइप करतो. फॉर्म मात्र तुम्ही दिलेलं उत्तर अक्षरशः जुळवून बघतो आणि बरोबर मुलालाही शून्य देतो. हजेरी क्रमांकाच्या रकान्याला 'फक्त संख्या' ही अट लावा. मग शीटमध्ये क्रमवारी एका झटक्यात लागते आणि छापील यादी विभागाच्या फाइलला जोडता येते. प्रत्येक प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरासाठी दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहायला वेळ जातो, पण मुलं ते खरंच वाचतात.

आता मजकुराकडे. मराठी माध्यमातून शिकवणाऱ्यांची खरी अडचण इथे आहे: मराठीत साहित्य सहज मिळत नाही. ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या संकेतस्थळावरचं अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक मोफत आहे, मुक्त परवान्याचं आहे आणि आकृत्या सुरेख आहेत. पण उदाहरणं अमेरिकेची. इग्नूचं ई-ज्ञानकोश, म्हणजे त्यांच्या अभ्याससाहित्याचा ऑनलाइन संग्रह, माझ्या स्वतःच्या तयारीला फार कामी आलं, मुलांना मात्र ते थेट देता येत नाही. ई-पीजी पाठशाला, म्हणजे पदव्युत्तर विषयांचं ऑनलाइन अभ्याससाहित्य, एम.ए.साठी बघितली. काही घटक उत्तम, काही नुसते मुद्दे. आधी स्वतः वाचून मगच पुढे पाठवा. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम त्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकाने चालतात आणि आमच्या उशिराच्या नेमणुकीशी ते क्वचितच जुळतं. तिथली व्याख्यानं मी वर्गात वापरण्यापेक्षा स्वतः शिकायलाच जास्त वापरली.

सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला असेल, तर 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'चा. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ती काढतं, आणि मराठी आवृत्तीची पीडीएफ संकेतस्थळावर फुकट मिळते. स्थूल राज्य उत्पन्न, दरडोई उत्पन्न, पीकक्षेत्र, सगळं मराठी परिभाषेत आणि आपल्याच राज्याच्या आकड्यांसह. 'दरडोई उत्पन्न' शिकवताना मी जिल्हावार तक्ता फोनवर उघडायला लावला आणि प्रत्येकाला आपला जिल्हा व मुंबई शेजारी-शेजारी मांडायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, ही सरासरी असेल तर आमच्या गावात एवढं कुणालाच का मिळत नाही?" त्यानंतरचा अख्खा तास विषमतेवर गेला, आणि सरासरीची मर्यादा मला वेगळी सांगावी लागली नाही. प्रकल्पासाठी तर प्रत्येक जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन'ही आहे. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते उतरवून ठेवावं.

मराठीत टिपणं काढायला आता टाइप करत बसत नाही. गुगल डॉक्समध्ये आवाजाने टायपिंग करते, मराठी ते बऱ्यापैकी ओळखतं. विरामचिन्हं आणि पारिभाषिक शब्द हातानेच दुरुस्त करावे लागतात, तरी वेळ वाचतो. ज्यांना शीट किंवा सादरीकरणच नवीन आहे, त्यांनी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघावेत. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचे धडे मराठीत आहेत, छोटे आहेत आणि थांबवत-थांबवत सोबत करता येतात.

संशोधन लेखांसाठी दोन वाटा. जेस्टोर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःच्या मेलने मोफत खातं काढलं की महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. दुसरी वाट एन-लिस्ट, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळं चालवणाऱ्या केंद्राची कॉलेजांसाठीची ई-साहित्य सेवा. कॉलेज सभासद असेल तर घरूनही नियतकालिकं आणि ई-पुस्तकं उघडतात, पण आयडी कॉलेजकडूनच मिळतो. सीएचबीवाल्यांना हे कुणी आपणहून सांगत नाही. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांकडे जा, नेमणूक आदेशाची प्रत सोबत न्या आणि नाव नोंदवून घ्या. हा आयडी कॉलेजच्या सभासदत्वावर चालतो, तेव्हा लागणारे लेख सत्र चालू असतानाच वाचून टिपणं काढा आणि ती स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा. त्याच ड्राइव्हवर नेमणूक आदेश, विद्यापीठाची मान्यता, मंजूर तासिका बिलं आणि अनुभव प्रमाणपत्र स्कॅन करून वर्षवार फोल्डरमध्ये टाका. पुढच्या मुलाखतीला हीच कागदपत्रं मागतात.