आत्याचं केअर सेंटर: चार तारे, आणि ते कसे वाचावेत

आत्याला जिथे ठेवलंय त्या केअर सेंटरला मी पाचपैकी चार तारे देते. नाव इथे घालत नाही, कारण पुढे एक तक्रारही येणार आहे आणि ती आता मिटली आहे. चार तारे मोजण्याआधी एवढं लक्षात घ्या: आत्याला पार्किन्सन आहे, आधार दिला तर चालते, डोकं शाबूत आहे, आणि मी तिला भेटते ती ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी. तुमचं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल किंवा त्याला विस्मृती असेल, तर यातला एखादा तारा तुमच्या कामाचा नाही.

माझी नोकरी विम्याचे क्लेम तपासण्याची. दिवसभर लोकांचे जबाब वाचायचे आणि त्यातली विशेषणं गाळून काय उरतं ते बघायचं. केंद्र ठरवण्याआधी तिथल्या नातेवाइकांशी बोलले तेव्हा तीच खोड कामाला आली. ‘स्टाफ फार प्रेमळ’, ‘अगदी घरच्यासारखं’ असं सगळेच म्हणतात. मी विचारायचे, तुम्ही येता कधी? एक गृहस्थ भरभरून बोलत होते, पण ते येतात रविवारी सकाळी. त्या वेळी सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या, दाढ्या झालेल्या, माणसं खुर्चीत बसवलेली. ते खोटं बोलत नव्हते, पण त्यांची साक्ष रविवार सकाळपुरती. शिवाय आपलं माणूस तिथे ठेवून घरी परतताना मनाला टोचणी लागतेच, मग जागा उत्तम आहे असं आपण आधी स्वतःला पटवतो आणि नंतर दुसऱ्याला सांगतो. कौतुक ऐकताना तेवढी वजावट करावी.

सगळ्यात उपयोगी पडलं ते एका बाईंचं बोलणं, आणि त्यांनी कौतुकाचा एक शब्दही काढला नव्हता. त्यांच्या यजमानांना पक्षाघात झालाय, त्या रोज दुपारी येतात. “बऱ्या आहेत मावश्या,” एवढंच म्हणाल्या आणि यजमानांच्या पायावरची चादर बाजूला केली. उशी पोटरीखाली होती, टाच अधांतरी, गादीला न टेकणारी. घोट्यापाशी जरा लाल दिसत होतं. त्यांनी तिथे अंगठा दाबून उचलला. जागा पांढरी पडली आणि परत लाल झाली. “पांढरं होतंय तोवर ठीक. दाबूनही लालच राहिलं तर लगेच सिस्टरला दाखवायचं.” बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी तीच असते, कातडी फाटण्याच्या आधीची. माकडहाड, खुबे, टाचा या जागा आधी जातात, म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची पद्धत आहे. हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या बाईचं ‘बऱ्या आहेत’ मला त्या गृहस्थांच्या पाच ताऱ्यांपेक्षा भारी वाटलं.

संतापून लिहिलेल्या अभिप्रायांचंही तसंच. एका मुलीने लिहिलं होतं की इथल्या लोकांनी आईचा जीव घेतला. आई आजाराने गेली की हलगर्जीने, हे मला बाहेरून कळणार नाही आणि त्या मुलीच्या दुःखाची उलटतपासणी मी करणार नाही. पण त्याच मजकुरात एक वाक्य होतं: आई रात्री पडली आणि घरी फोन आला दुसऱ्या दिवशी दुपारी. हे तपासता येतं. मी मॅनेजरांना विचारलं, पडल्याची नोंद ठेवता का? त्यांनी नावं झाकून वही दाखवली. कोणाला दिसलं, किती वाजता, डॉक्टरांना कधी कळवलं, घरी कधी. दिवसाच्या नोंदी चोख होत्या. रात्रीच्या काही नोंदींत मात्र घरचा रकाना सकाळचा. लागलं नसेल तर रात्री उठवत नाही, असं त्यांचं म्हणणं. आत्याच्या फॉर्मवर मी लिहून घेतलं: कितीही वाजले असोत, फोन करायचा.

कपड्यांची अदलाबदल होते, चष्मे सापडत नाहीत, हे एकमेकांना न ओळखणाऱ्या घरांनी मला वेगवेगळं सांगितलं. म्हणजे ते खरंच आहे. जिवावरचं नाही, पण आहे.

ज्या तक्रारीचं वर म्हणाले ती औषधाची. पार्किन्सनच्या रुग्णाची बायको मला जिन्यात भेटली होती, म्हणाली, “गोळीची वेळ घड्याळावर लावून घ्या, जेवणावर नाही.” लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची ही गोळी, लांबली की अंग कडक होतं, कूस बदलता येत नाही, गिळायला त्रास होतो, आणि प्रथिनांबरोबर घेतली तर काही जणांना ती नीट लागू पडत नाही. इथे गोळ्यांची ट्रॉली जेवणाबरोबर फिरायची. आत्याची गोळी रेंगाळायची आणि मी पोचेपर्यंत तिचे हात लाकूड झालेले असायचे. डॉक्टरांकडून वेळा लिहून आणल्या, पलंगाशी चिठ्ठी लावली, दोनदा आवाज चढवावा लागला. आता वेळेवर मिळते. ही गोष्ट मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडली नसती. तुमच्या रुग्णासारखाच रुग्ण असलेलं एक घर शोधा, बाकीच्यांशी नंतर बोला.

विस्मृतीच्या मजल्याबद्दल मी मत देणार नाही. फक्त तिथल्या नातेवाइकांना एक विचारा: माणूस दिवसाही झोपलेलंच दिसतं का? संध्याकाळी अशा रुग्णांची घालमेल वाढते आणि ती औषधाने दाबणं सोपं असतं. मानसिक आजारांवरची काही औषधं डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ साली त्यांवर ठळक इशारा छापायला लावला.

एक तारा कापला तो पाळी बदलतानाच्या वेळेसाठी. दिवसाच्या मावश्या निघालेल्या, रात्रीच्या अजून आवरतायत, आणि खोल्यांवरचे बेलचे दिवे नुसते पेटलेले. मी रोज बघते. दुपारी येणाऱ्या बाईंना हे दिसतच नाही.

आमच्या घरातही मतं पुष्कळ होती. न येणाऱ्यांची जास्त ठाम. शेवटी हे केंद्र आणि विचारात असलेलं दुसरं एक, अशा दोन्ही जागी मी आत्याला एकेक दिवस नेलं आणि विचारलं. ती म्हणाली, “इथे सिस्टर माझ्याशी बोलते. तिथे ती तुझ्याशी बोलत होती.” हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि आमच्यासाठी निकाल त्यावरच लागला.

जुने अभिप्राय वाचणार असाल तर मॅनेजर आणि मुख्य सिस्टर कधी बदलल्या ते आधी विचारा. त्यापूर्वीचं लिखाण, गोड असो की कडू, बाजूला ठेवा. आणि कपड्यांवर नाव पेनाने लिहू नका, धुण्यात जातं. दोऱ्याने शिवा. कानाच्या यंत्राच्या डबीवरही नाव घाला.