पुरुषांचा सुती युकाता: एक उन्हाळा वापरून झाल्यावर

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी दोन. जुलैत विचारलं असतं तर साडेचार दिले असते. मधले अडीच तारे एका धुण्यात गेले.

तोक्योत राहणाऱ्यांना युकाता काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी, उन्हाळ्यात घालायचा पातळ सुती किमोनो. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एदोगावा नदीच्या काठी आतषबाजी असते, तेव्हा आमच्या निशी-कसाईतून निघणारी निम्मी गर्दी युकातातच असते. मी जूनमध्ये सेलमधला पुरुषांचा तयार सेट उचलला. गडद निळा सुती युकाता, काकु-ओबी म्हणजे तो चार बोटं रुंदीचा ताठ कंबरपट्टा, आणि गेता म्हणजे लाकडी चपला, सगळं मिळून ५,९८० येन. साईज एल, लांबी १४३ सेंमी. माझी उंची १७२. पुरुषांच्या मापाचं गणित साधं आहे, उंचीतून पंचवीस-तीस सेंमी वजा केले की काठ घोट्याच्या हाडाशी येतो. माझाही बरोब्बर तिथेच येत होता.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. दमट उन्हाळ्यात शर्ट-पँटपेक्षा हे नक्कीच बरं, बाह्यांतून वारा खेळतो. आत गोल गळ्याचा बनियन घालू नका, गळ्यातून डोकावतो. व्ही गळ्याचा घ्या. खाली सुतेतेको, म्हणजे गुडघ्याखाली येणारी पातळ विजार. ती नसेल तर घामाने कापड मांड्यांना चिकटतं आणि चालणं अवघड होतं. पोट सुटलेलं असेल तर इथे पहिल्यांदाच त्याचा फायदा होतो. पुरुषांची ओबी पोटाखाली, पुढून उतरती आणि मागून थोडी चढती बांधतात. सडपातळ जपानी मंडळी त्यासाठी पोटाशी टॉवेल गुंडाळतात. मला तो खर्च आला नाही.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “गाऊन घालून कुठं निघालास रे?” असो.

आता मुद्द्यावर येतो. टॅगवर हाताने धुण्याची खूण होती. हातानेच धुतला. बादलीत, गार पाण्यात, एकटा (निळा रंग पहिल्या धुण्यात सुटतोच), न पिळता, सावलीत काठीवर बाह्या पसरून वाळवला. वाळल्यावर अंगात घातला तर काठ वर! टेप लावली. १३९ सेंमी.

चार सेंटिमीटरने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बायकांचं काहीच बिघडत नाही. त्यांचा युकाता मुळात उंचीएवढा लांब असतो आणि जादा कापड कमरेशी ओहाशोरीच्या घडीत दुमडतात. आटला तर घडी थोडी लहान घ्यायची, संपला विषय. बायकोचाही त्याच दुकानातला, तोही आटलाय. मी टेप लावेपर्यंत तिला पत्ताही नव्हता. पुरुषांना ही घडी नाही. शिवलेली लांबी तीच अंगावरची लांबी. त्यामुळे चार सेंमी गेले की तेवढी नडगी दिसते, आणि माणूस गरम पाण्याच्या हॉटेलातून खोलीतला युकाता घालून पळून आल्यासारखा दिसतो. ते हॉटेलवाले युकाता आखूड असतात. कुसात्सु किंवा किनोसाकीसारख्या ओन्सेनच्या (गरम पाण्याच्या झऱ्यांच्या) गावात तेच घालून रस्त्यावर फिरणं रीतीला धरून आहे, किनोसाकीत तर सात सार्वजनिक स्नानगृहं लोक तशीच पालथी घालतात. तोक्योच्या मेट्रोत मात्र ते झोपायचे कपडेच.

दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, पण स्टेशनच्या फाटकांजवळच्या मोठ्या साखळी दुकानांपैकी एक समजा. पावती नेली, टेप नेली, काउंटरवर पसरून मोजून दाखवलं. काउंटरवरच्या मुलीने कमरेत वाकून माफी मागितली. मॅनेजर आला, तो तिच्याहून खाली वाकला. मग टॅगच्या मागची बारीक अक्षरं दाखवली, ‘धुतल्यावर कापड काहीसं आटू शकतं.’ काहीसं म्हणजे किती, तीन टक्के चालतात का, मी विचारलं. पुन्हा माफी. सेलचा माल परत घेत नाहीत. बदली साईज? हंगाम संपत आलाय, माल नाही. पुण्यातल्या दुकानात निदान आवाज चढवता येतो आणि समोरचाही चढवतो, काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. इथे दोघं मला दारापर्यंत सोडायला आले.

इथवर मी एकच तारा ठरवला होता. दुसरा मिळाला तो शेजारच्या आजोबांमुळे, आणि खरं तर तो या सेटचा नाहीच.

पार्कातल्या बोन-ओदोरीला, म्हणजे उन्हाळ्यातल्या सामूहिक नाचाला, आम्ही दोघंही युकातात होतो. त्यांनी आधी माझी ओबी दोन बोटं खाली ओढली, पाठीवरची काइ-नो-कुचीची गाठ मणक्यापासून किंचित बाजूला सरकवली. गाठ नेमकी मधोमध नसावी, खुर्चीला टेकताना मणक्यात रुतत नाही आणि दिसायलाही बरी. मग काठाकडे बघून म्हणाले, “कापड भिजवून घेतलं नाही त्यांनी.” युकाताचं कापड ताग्यात येतं, साधारण ३६-३८ सेंमी रुंद आणि बारा मीटर लांब. एका ताग्यात एक युकाता, सगळे काप सरळ, चिंधी वाया जात नाही. (हे मला फारच आवडलं.) विणताना आणि नंतर गुंडाळताना सूत ताणलेलं असतं, पाणी लागलं की सैल होऊन मूळच्या लांबीवर येतं. म्हणून जुने शिंपी शिवण्याआधी ताग्याला पाणी दाखवतात, त्याला मिझु-तोशी म्हणतात. स्वस्त तयार मालात हे कोण करतो?

त्यानंतर त्यांनी स्वतःची ओबी जरा वर करून आतली एक आडवी चुणी दाखवली. उचिआगे. पुरुषांच्या नीट शिवलेल्या युकातात कमरेशी, ओबीखाली झाकली जाईल अशी चुणी घालून ठेवतात. कापड आटलं किंवा मुलाच्या अंगावर चढवायचं झालं की टाके उसवायचे, लांबी मिळाली. हा उपाय स्वस्त पॉलिस्टरच्या युकातात नाही आणि हजारो येनच्या माझ्या सेटमध्येही नाही! कापडाची एवढीशी बचत करून त्यांनी माझा पूर्ण युकाता घालवला. यावर माझा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सप्टेंबरात जुन्या कपड्यांच्या दुकानातून १,५०० येनला एक वापरलेला घेतला. पांढरी-निळी भौमितिक नक्षी, कापड कित्येक धुण्यांनी मऊ झालेलं. तो आखूड होता, पण कमरेशी हात घालून पाहिला तर चुणी होती. बायकोने घरी सुईने टाके उसवले. चुणी जितकी खोल तिच्या दुप्पट कापड सुटतं. आत उन्हापाण्यापासून वाचलेला गडद निळा पट्टा निघाला, तो ओबीखाली झाकला जातो. काठ घोट्यावर. हा आणखी आटणार नाही, आटायचा तेवढा केव्हाच आटलाय. खोट एकच. जुने तागे अरुंद, त्यामुळे बाह्या मनगटाच्या वर राहतात. त्याला इलाज नाही, लांब हातांच्या लोकांनी आधी मानेच्या मध्यापासून मनगटापर्यंत मोजून जावं.

बाकीचं थोडक्यात. आपली डावी बाजू नेहमी उजवीवर, बाई असो वा पुरुष. उजवी वर फक्त मृताला घालतात. आणि ही रीत आजची नाही, सम्राज्ञी गेन्शोच्या काळात ७१९ सालीच सगळ्यांनी असंच नेसावं असं फर्मान निघालं होतं. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांनी सेल्फी काढण्याआधी हे बघावं, आणि आरशातल्या सेल्फीत बाजू उलटी दिसते हेही लक्षात ठेवावं. मानेमागे बायका कॉलर मुठीएवढी खाली ओढतात, पुरुषांनी ती मानेला चिकटूनच ठेवायची. पायात मोजे नाहीत. पायाची टाच गेताच्या मागे थोडी बाहेर राहिली तर गेता लहान नाही, तशीच घालतात. पट्टा अंगठ्यापाशी चावतो, पहिल्या दिवशी हाताने ताणून सैल करा आणि खिशात बँडेज ठेवा. खिसा म्हणजे बाही, पुरुषांची बाही अंगाच्या बाजूने शिवलेली असते म्हणून त्यात रुमाल, पास राहतो. फोन ठेवला की मात्र कोपराशी लोंबत राहतो, तो ओबीत खोचा. पंखा मागे ओबीत. ट्रेनमध्ये वरची कडी धरताना दुसऱ्या हाताने बाही आवरा, नाहीतर बगलेपर्यंत दर्शन. जिना चढताना पुढचा काठ उजव्या हाताने जरा उचला. युकाता लग्नाला किंवा ऑफिसच्या औपचारिक जेवणाला चालत नाही, कितीही महाग असला तरी.

नवीन तयार सेट घ्यायचाच असेल तर एक साईज मोठा घ्या, आणि दुकानातच कमरेशी हात घालून चुणी आहे का बघा. विक्रेता विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. माझा निळा आता घरात आंघोळीनंतर घालतो. आजोबा म्हणाले, विरला की पूर्वी बाळाचे लंगोट शिवायचे, मग फरशी पुसायची फडकी. म्हणजे आपल्या गोधडीसारखंच, शेवटच्या धाग्यापर्यंत. ५,९८० येन वसूल व्हायला मला अजून बरीच फरशी पुसावी लागणार आहे.