सेनहायजर एचडी ६५०: सगळा खेळ गाद्यांचा

एचडी ६५० हे हेडफोन सेकंडहँड घेतले त्याला वर्ष उलटून गेलं. याआधीच कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, गळा सुरेख ऐकू येतो, पण आवाजावर कायम एक पातळ पडदा आहे. आता तसं म्हणणार नाही. मधल्या काळात मी त्यांच्या कानावरच्या गाद्या बदलल्या, आणि माझं मत जवळजवळ उलटं झालं. ३०० ओहम (म्हणजे विजेला रोध जास्त, वाजवायला जोर जास्त), ओपन बॅक (मागची बाजू उघडी), २००३ चं मॉडेल, एवढं सांगितलं की पुरे. त्यामुळे आज मुख्यतः गाद्यांवरच लिहितो. या हेडफोनबद्दल इतकं लिहिलं जातं आणि गाद्यांबद्दल दोन ओळीही नसतात, याची मला खरोखर चीड येते.

माझं ऐकणं बहुतेक ख्यालाचं. भीमसेनजी, किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, आणि रात्री उशिरा जुन्या रेकॉर्डी. पहिले काही महिने गळा मन भरून ऐकला. भीमसेनजी तान संपवून श्वास घेतात तो श्वाससुद्धा स्वच्छ यायचा. खटकायचा तो तंबोरा. चांगली जवारी लागलेला तंबोरा नुसता ‘सा’ देत नाही. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार घासत कंप पावते, तिच्याखालचा दोरा नेमक्या जागी सरकवला की वरचे सूर फुलत जातात, आणि खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार उमटतो. माझ्या हेडफोनवर खर्ज जाडजूड यायचा, त्याच्यामागे झंकार दबून जायचा, आणि गंधार तर शोधावा लागायचा. हेच रेकॉर्डिंग मित्राकडच्या साध्या स्पीकरवर मोकळं वाटायचं. महागाच्या हेडफोनवर तंबोरा कोंडलेला का वाटावा, हे मला कळत नव्हतं.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, अँप (हेडफोनला जोर देणारं यंत्र) बदला. ‘३०० ओहम आहेत, फोनच्या डोंगलवर कसे चालणार?’ कंपनीच्या आकड्यांनुसार १ व्होल्टला १०३ डेसिबल मिळतात. घरात शांतपणे ऐकणाऱ्याला एवढं भरपूर झालं. तरी मित्राचा टेबलावरचा अँप चार दिवस आणून लावला. खर्जाला थोडी पकड आली, हे मान्य. पण पडदा होता तसाच राहिला. त्या अँपच्या किमतीत आमच्याकडे चांगला फ्रिज येतो, तेव्हा तो विषय मी तिथेच संपवला.

मग एका बाजूचा आवाज बारीक झाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने हेडफोन कानाला लावूनही पाहिले नाहीत. ‘ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला भाग) गेला, दोन्ही बदलावे लागतील,’ एवढं बोलून त्याने जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली तर दुसरे सेकंडहँड हेडफोन आले असते. तपासायचे वेगळे पैसे मागितले ते निराळंच. न तपासता निदान करायचं आणि वर तपासणीचे पैसे मागायचे, हा धंदा मला अजिबात पटत नाही. मी हेडफोन उचलले आणि डोंबिवलीची गाडी पकडली.

घरी येऊन गादी ओढून काढली. ती प्लास्टिकच्या कडीवर बसवलेली असते. कडेला नखाने धरून जरा जोर लावला की टचकन सुटते. आत ड्रायव्हरसमोर काळ्या स्पंजची पातळ चकती असते. ती चिमटीत धरली आणि बोटांना काळा भुगा लागला. उरलेला भुगा ड्रायव्हरच्या जाळीवर चिकटला होता. हेडफोन पालथे धरून मऊ ब्रशने तो हळूहळू झटकला, आणि बारीक झालेली बाजू पूर्ववत झाली. ड्रायव्हर ठणठणीत होता! मग गाद्यांकडे नीट पाहिलं. आधीच्या मालकाने किती वर्षं वापरल्या होत्या देव जाणे, पार पापड झाल्या होत्या. माझा कान आतल्या चकतीला टेकत होता.

मूळ गाद्यांची जोडी चार आकड्यांत जाते. स्पंज आणि मखमलीला एवढे पैसे द्यायला मन धजेना. म्हणून आधी काही शे रुपयांची नकली जोडी मागवली, रेक्झिनची, जाडजूड आणि दिसायला झकास. लावल्यावर किशोरीताईंचा आवाज कुठल्या तरी लांबच्या खोलीतून आल्यासारखा वाटू लागला, आणि तबल्याच्या डग्ग्याने अख्खी मैफल व्यापली. तासाभराने कान घामाने चिकट झाले. आमच्या हवेत रेक्झिन कानाला लावणं ही शिक्षाच आहे. दुसरी नकली जोडी मखमलीची होती. तिची कडी एका बाजूने बसायचीच नाही, फट राहायची आणि खर्ज तिथून निसटून जायचा. दोन्ही जोड्यांच्या पैशांत मूळ गाद्यांचा बराच भाग आला असता.

शेवटी मूळ जोडी घेतली, आणि लगेच दोन्ही लावल्या नाहीत. डाव्या कानाला नवी, उजव्या कानाला जुनीच ठेवली आणि एक जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलं. मोनोत दोन्हीकडे एकच आवाज जातो, त्यामुळे गायक डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू यायला हवा. प्रत्यक्षात गळा मध्ये, पण तंबोऱ्याचा झंकार पूर्ण डावीकडे! उजवीकडे उरला होता फक्त घुमारा. गादीने काय फरक पडतो असं म्हणणाऱ्याने एकदा हे करून पाहावं, फुकटात होतं. मग उजवीही बदलली. कान चकतीपासून सुटला, ड्रायव्हर योग्य अंतरावर गेला आणि तंबोरा मोकळा झाला. आता खर्जाची तार छेडल्यावर तिच्यामागून येणारा गंधार मला शोधावा लागत नाही.

त्या रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी काढल्या. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, आणि तंबोरेही मिरजेचेच नावाजलेले. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ७८ आरपीएमच्या त्या तीन मिनिटांत तंबोरा असा कितीसा ऐकू येणार! पण खाँसाहेब सुरावर येऊन थांबतात तिथला बारीक कंप आता कळतो. एक तोटाही सांगतो. रेकॉर्डीची खरखर वाढली आहे. जुन्या गाद्या ती झाकत होत्या. ज्यांचं बहुतेक ऐकणं लाखेच्या रेकॉर्डींचंच आहे, त्यांना सुरुवातीला ही खरखर टोचेल. मला आठवडाभरात सवय झाली.

बाकीचं थोडक्यात. ओपन हेडफोन म्हणजे पंखा ऐकू येणारच, खालची रिक्षाही ऐकू येणार. विलंबित ऐकायचं तर मी पंखा एकवर ठेवतो. एप्रिल-मेमध्ये तेही जमत नाही, तेव्हा द्रुत ऐकतो. शेजारी बसलेल्यालाही सगळं ऐकू जातं. आमच्या सौभाग्यवती हातातलं पुस्तक मिटून ‘अहो, तुमचा तबला इथे वाजतोय’ म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पकड सुरुवातीला घट्ट वाटते. केबल सोडून वजन २६० ग्रॅम, त्यामुळे मान दुखत नाही.

मनापासून कौतुक करावं असं खरं तर वेगळंच आहे. हे हेडफोन पूर्ण सुटे होतात. केबल दोन्ही बाजूंनी निघते, गादी निघते, डोक्यावरचा स्पंज निघतो. १९९७ च्या एचडी ६०० ला बसणारी गादीच ६५० ला बसते. आजकाल वर्षभरात फेकून द्यायच्या वस्तू विकल्या जातात, तिथे इतक्या जुन्या रचनेचा सुटा भाग अजून नवा मिळतो याचं मोल मला मोठं वाटतं. सेनहायजरचा हेडफोनचा धंदा २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीकडे गेला. भाग आजही मिळतात, तरी मी आणखी एक जोडी आणि दोन चकत्या घेऊन कपाटात ठेवल्या आहेत. सोबत सिलिका जेलची पुडीही टाकली आहे, कारण इथला पावसाळा स्पंजाचा वैरी.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच गादी काढा. चकती चिमटीत धरून पाहा, गादी बोटाने दाबा, सोडल्यावर वर येते का बघा. वर येत नसेल तर नव्या जोडीची किंमत भावातून वजा करा. ‘गाद्यांनी काही होत नाही हो’ असं तो म्हणाला, तरी एक रुपया सोडू नका.