जुन्या सागवानी टेबलावर ग्लास मोझेक: पावसाळा, दिवाळी आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस हे टेबल तयार झालं. तेव्हापासून रोजची दोन्ही जेवणं, सकाळचा चहा, दिवाळीचा फराळ, भाजी निवडणं, सगळं त्याच्यावरच चाललंय. नवीन असताना कुठलंही टेबल छानच दिसतं, म्हणून बेळगावचा एक पूर्ण पावसाळा आणि थंडी गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. विचारणाऱ्या सगळ्यांचा पहिला प्रश्न टाइल कुठली, हा असतो. माझं मत आता पक्कं झालंय: टाइल स्वस्तातली चालते. पैसे आणि कष्ट घालायचे ते तिच्या खालच्या आधारात आणि दोन टाइलांमधल्या सांध्यात.

आधी टेबल. कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे बदलीवर जाणारी कुटुंबं निघताना सामान विकतात. तिथून चार बाय अडीच फुटांचं हे टेबल १,८०० रुपयांना मिळालं. वरच्या फळ्यांवर गरम भांड्यांचे पांढरे डाग, एका कोपऱ्याला चटका, पण पाय आणि चौकट सागवानी. जुने साल-कुसवाचे, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले सांधे, कुठे खिळा नाही. जुनं टेबल बघायला जाल तेव्हा आडवं करून पायांचे तळ बघा. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि एका कोपऱ्यावर जोर देऊन हलवून बघा, कारण मोझेकनं वजन बरंच वाढतं. चार मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला साधारण दहा किलो भरतं. त्यात प्लाय आणि ॲडेसिव्ह धरलं तर एवढ्या टेबलावर वीस किलोच्या वर भर पडते. लटपटणाऱ्या पायांवर हे काम टिकणार नाही.

टाइल थेट फळ्यांवर चिकटवली असती तर प्लायचा खर्च वाचला असता. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी ते पहिल्याच वाक्यात मोडून काढलं. "वैनी, हे लाकूड पावसात फुगतंय आणि उन्हाळ्यात आकसतंय की ओ. वरनं काच चिकटवलीसा तर सांधा फुटणार बघा." निपाणीच्या माझ्या मावसभावाकडे तेच झालंय. त्यानं जुन्या पाटावर थेट टाइल लावल्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तशी खालच्या दोन फळ्यांच्या जोडावर बरोबर एक सरळ भेग उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाकूड लांबीला फारसं हलत नाही, रुंदीला हलतं. अडीच फुटांच्या रुंदीत पावसाळा ते उन्हाळा काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, पण हलतंच. काच आणि सिमेंटला तेवढीही हालचाल सोसत नाही.

म्हणून फळ्यांवर १२ मिलिमीटरचा पाणी सोसणारा, बीडब्ल्यूपी प्रतीचा प्लाय घातला. थर आडवे-उभे असल्यामुळे प्लाय फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल. मामांनी तो फळ्यांना चिकटवला नाही, नुसता खालून स्क्रूनं धरला, आणि फळ्यांमधली स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट पाडली. त्यामुळे खालचं लाकूड हवं तेवढं सरकतं आणि वरचा प्लाय आपल्या जागी राहतो. प्लायच्या कडा आणि खालची बाजूसुद्धा आधी सीलर मारून बंद केली. फक्त वरचीच बाजू बंद केली तर खालून ओल धरून प्लाय वाकतो. पावसाळ्यात इथं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते. असा सगळा पावसाळा जाऊन टेबलावर एकही भेग नाही. याचं श्रेय मी त्या लांबट भोकांना देते.

टाइल म्हणजे वीस मिलिमीटरचे चौकोनी काचेचे तुकडे, जाळीवर चिकटवलेले. एका शीटमध्ये पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ तुकडे, आणि शीट ३२७ मिलिमीटरची. शहापूर भागातल्या एका दुकानात लॉटमधली उरलेली शीटं ६० रुपयांना एक मिळाली, निळ्या-हिरव्या दोन छटांची. दहा घेतली. पैसे वाचवायची खरी युक्ती यापुढची आहे. एक तुकडा आणि एक सांधा मिळून साधारण २१.८ मिलिमीटर होतात. आम्ही आधी प्लाय कापून मग टाइल बसवत बसलो नाही. लांबीला ५५ आणि रुंदीला ३४ अख्खे तुकडे बसतील असा हिशेब करून प्लाय साधारण १,२०० बाय ७४२ मिलिमीटरचा कापून घेतला. राहिलेली जागा चारी बाजूंच्या सागवानी पट्टीनं भरून काढली. एकही काच कापावी लागली नाही. कापायचा चिमटा नाही, ग्राइंडर नाही, काचेचा चुरा नाही, आणि कडेला अर्धवट तुकड्यांची रांगही नाही. चिकटवण्याआधी सगळी शीटं कोरडीच मांडून बघा आणि काटकोन तपासायला गुण्या लावा. पहिली रांग तिरकी गेली की शेवटच्या रांगेला वाट राहत नाही.

ॲडेसिव्ह पांढरंच घ्या. काचेतून करडं सिमेंट आरपार दिसतं आणि निळा रंग मळकट होतो. पॉलिमर मिसळलेलं, प्लायवर चालेल असं पिशवीवर लिहिलेलं हवं. नुसतं पांढरं सिमेंट कालवून लावाल तर लाकडी पृष्ठभागावर ते धरत नाही. एका नातेवाइकांच्या बाथरूमच्या कामातून उरलेली अर्धी पिशवी आम्ही ४०० रुपयांत घेतली. ती पावसाळ्यापूर्वीची, घट्ट बांधून ठेवलेली होती, म्हणूनच घेतली. ओल लागून गठळ्या झालेली पिशवी फुकट मिळाली तरी नको. दातेरी थापीनं ओढून मग सपाट करायचं, शीट ठेवायचं आणि लाकडी ठोकळ्यानं सारखं दाबायचं. सांध्यातून वर आलेला माल ओला असतानाच काडीनं काढायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

आता सांधे. दहा महिन्यांत सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथं.

टेबलाचे सांधे एपॉक्सी ग्राउटनं, म्हणजे राळेच्या मालानं भरले. उरलेल्या तुकड्यांतून ओट्याजवळचं एक छोटं स्टूलही मढवलं आणि त्याला साधं सिमेंटचं ग्राउट भरलं. त्यामुळे एकाच घरात, एकाच टाइलवर दोन्ही सांध्यांची तुलना रोज डोळ्यांसमोर आहे. स्टुलावर पहिल्याच आठवड्यात आमटीचा एक ओघळ पडला. ओल्या फडक्यानं पुसला, काच स्वच्छ, सांध्यात पिवळा डाग. भांडी घासायचा साबण लावला तर डाग पिवळ्याचा विटकरी लाल झाला. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीशी भेटलं की लाल होतं. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. साबण अल्कली, आणि ताजं सिमेंट तर फारच अल्कली. म्हणून असा डाग साबणानं चोळत बसू नका. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही, हे मात्र आपल्या फायद्याचं. स्टूल गच्चीवर दोन-तीन दुपारी ठेवलं की डाग बराच फिका पडतो. पण वीस किलो जास्तीचं टेबल गच्चीवर कोण नेणार? आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणायचं कुठून?

दुसरा शत्रू आंबट. आमच्याकडे सोलकढी, आमसुलाचं सार, लिंबू, चिंच रोजच असतं. आम्लानं सिमेंट खाल्लं जातं. स्टुलाच्या ज्या कोपऱ्यावर लिंबू पिळलं जातं, तिथला सांधा बोट फिरवलं की खरखरीत लागतो आणि नखाला बारीक रेती येते. टाइल व्हिनेगरनं चकचकीत करण्याचे सल्ले फिरत असतात. सिमेंटच्या सांध्यावर ते करू नका.

एपॉक्सीवर दहा महिन्यांत हळदीचा डाग टिकलेला नाही. लोणच्याचं तेल रात्रभर राहून गेलं त्या एका जागी किंचित पिवळट झाक आहे, ती मी दाखवली तरच कळते. पण एपॉक्सी भरणं सोपं नाही हे आधीच सांगते. राळ, हार्डनर आणि पावडर एकत्र केली की घड्याळ चालू होतं. अर्ध्या-पाऊण तासात माल घट्ट होतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. दोन किलोंचा एक डबा न घेता एकेक किलोचे दोन घेतले. सकाळी गारव्यात अर्धं टेबल भरलं, पुसलं, मग दुसरा डबा फोडला. एका वेळी दोघंजण हवेत, एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं लगेच स्पंजनं पुसत यायचं. काचेवर राहिलेला पातळ थर दुसऱ्या दिवशी चिकट पापुद्रा होऊन बसतो आणि मग निघता निघत नाही. हातमोजे घालाच, हार्डनरनं कातडीला खाज आणि ॲलर्जी होऊ शकते. रंग राखाडी घेतला, कारण पांढरं एपॉक्सी उन्हाच्या बाजूला कालांतरानं पिवळं पडतं आणि आमच्या टेबलावर खिडकीतून सकाळचं ऊन येतं.

पायांना आणि पट्टीला जुनं पॉलिश घासून काढून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर मारला. चपडा लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर, पण ओलीनं आणि गरम भांड्यानं पांढरं पडतं. जवसाच्या तेलावर इथल्या पावसाळ्यात बुरशी धरते. पीयूला दहा महिन्यांत काही झालेलं नाही. एवढंच.

रोजच्या वापरात त्रास कुठे होतो, तेही सांगायला हवं. या टेबलावर लिहिता येत नाही. मुलाची वही सांध्यांवर अडते, पेन्सिलीचं टोक खड्ड्यात जातं. त्याच्यासाठी एक पुठ्ठ्याचा पॅड कायमचा टेबलावर आलाय. पोळपाट ठेवून पोळ्या लाटायला गेलं तर तो डुगडुगतो, खाली फडकं घालावं लागतं. स्टीलचं ताट सरकवलं की कर्रर्र आवाज होतो, सासूबाईंना तो अजिबात आवडत नाही. भाकरीचा चुरा आणि मीठ सांध्यांत बसतं. नुसतं फडकं फिरवून भागत नाही, आठवड्यातून एकदा मऊ ब्रश लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हात टेकवले की काच गारठलेली असते. आणि गरम कढई थेट ठेवायची नाही, उष्णतेनं एपॉक्सी नरम पडतं. लोखंडी कढईखाली आम्ही लाकडी गोल ठेवतो.

मुलाच्या हातून एकदा पितळी बत्ता सुटला आणि दोन तुकडे फुटले. उरलेले तुकडे जपून ठेवले होते म्हणून छटा जुळली. पण एपॉक्सीतून फुटका तुकडा काढणं जिकिरीचं काम आहे. सांधा हीट गननं गरम करून, मऊ पडला की बारीक छिन्नीनं कोरत न्यावा लागला, शेजारचा तुकडा सांभाळत. सिमेंटच्या सांध्यात हेच काम पाच मिनिटांत झालं असतं. ज्यांच्या घरी वस्तू वरचेवर आपटतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. कडेचे तुकडे मात्र सगळे शाबूत आहेत. सागवानी पट्टी टाइलपेक्षा केसभर वर ठेवली होती, त्यामुळे खुर्चीचा धक्का लाकूड घेतं, काच नाही.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: टेबल १,८००, प्लाय ९५०, टाइल ६००, ॲडेसिव्ह ४००, एपॉक्सी १,३००, सागवानी पट्टी ४५०, पीयू आणि पॉलिश पेपर ३५०, स्क्रू-सीलर वगैरे १५०, सुतारमामांची मजुरी ६००. एकूण ६,६००. टाइल बसवणं आणि सांधे भरणं आम्ही घरच्यांनी केलं, त्याची मजुरी यात नाही. यात कुठे हात आखडता घ्यायचाच झाला तर टाइलमध्ये घ्या. दुकानातल्या उरलेल्या चार रंगांच्या शीटांतूनही सुंदर टेबल होतं. साध्या प्लायवर आणि सिमेंटच्या सांध्यावर काही पैसे वाचतील, पण जेवणाच्या टेबलावर ते पैसे वाचवावेत असं मला वाटत नाही. बाल्कनीत कुंडी ठेवायचं टेबल असेल तर सिमेंटचं ग्राउट चालेल, वर्षातून एकदा सीलर मारा. प्लाय मात्र तिथेही चांगलाच लागेल, पावसाची झड तर बाल्कनीतच येते.

स्टुलाचे सांधे आता कोरून काढायला घेतलेत. तुकडा हलू न देता कटरनं दोन मिलिमीटर खोल जायचं, धूळ ब्रशनं काढायची आणि पूर्ण कोरडं झाल्यावर एपॉक्सी भरायचं. एक किलोचा डबा आणून ठेवलाय. मृगाचा पाऊस लागायच्या आत ते काम उरकायचं आहे, कारण ओल धरलेल्या सांध्यात एपॉक्सी नीट बसत नाही.