मिर्टाझापिन : ‘ती गोळी नको’ म्हणणाऱ्याला कितपत चालते?

नैराश्यावरची एस्सिटालोप्राम गोळी नको म्हणणाऱ्याला आधी नेमकं काय नको ते विचारावं. मळमळतं, झोप उडाली, की नवराबायकोच्या संबंधात अडचण आली? हे तिसरं कारण खेड्यात कोणी आपणहून सांगत नाही. ‘सवय लागेल’ एवढीच भीती असेल, तर गोळी बदलून उपयोग नाही; ती भीती नव्या गोळीलाही चिकटते.

वरच्या तिन्ही तक्रारींवर मिर्टाझापिन ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी उजवी ठरते. रात्री एकच गोळी, 15 मि.ग्रॅ.; म्हाताऱ्यांना 7.5 पासून. गरजेप्रमाणे 30, कमाल 45. झोप आणि भूक पहिल्या आठवड्यातच सुधारते, मनाची उदासी हटायला दोन ते चार आठवडे लागतात. घोळ इथंच होतो: झोप लागली की लोक तिला झोपेची गोळी समजतात आणि मग वाटेल तेव्हाच घेतात. वजन वाढतं, म्हणून शुगरवाल्याला देताना दोनदा विचार करावा. दारूसोबत तर नाहीच.

रब्बीत शेतीची थ्री-फेज लाइन बऱ्याचदा रात्री येते. ओलिताला जाणाऱ्यानं ही गोळी घेऊन अंधारात मोटरच्या स्टार्टरला हात लावणं धोक्याचं. त्याला सकाळी जेवणानंतर नैराश्यावरचीच सर्ट्रालिन बरी: 25, आठवड्यानं 50. पण तक्रार संबंधांची असेल तर तीही एस्सिटालोप्रामच्याच जातीची.

अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची जुनी गोळी स्वस्त, सहज मिळणारी. तरी इकडं पहिली पसंती म्हणून आम्हाला पटत नाही. तोंड कोरडं पडतं, घाम कमी येतो, आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडं पारा 45 च्या वर जातो. त्याहून मोठी गोष्ट, एकदम जास्त गोळ्या गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जातो. मनात जिवाचं बरंवाईट येत असेल तर कोणतीही गोळी आठवड्यापुरतीच, तीही घरच्यांच्या हाती द्यावी. फवारणीचं औषधही कुलपात. रात्रीबेरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट लागतो, मराठीत बोलतात.

बदल डॉक्टरनंच करावा. साधारणपणे एस्सिटालोप्राम 10 वरून 5 वर आणून रात्री मिर्टाझापिन सुरू करतात, आठवडा-दोन आठवड्यांनी जुनी बंद. एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. जुनी गोळी फ्लुओक्सेटिन असेल तर ती अंगात काही आठवडे रेंगाळते, हे धरून चालावं. आधी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला का, हेही विचारून घ्यावं. मिर्टाझापिनवर असताना ताप आणि घसादुखी आली तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या न आणता सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी) करावी. क्वचित पांढऱ्या पेशी घसरतात.